एवढंच ना?

"सप्लाय गेलाय, एवढंच ना?" कॉम्प्युटरचा कॅबिनेट दुरुस्तीच्या टेबलावर टेकवता टेकवताच त्याने विचारलं. लग्नाचे फोटो आणि व्हिडिओ करणारा माणूस, ऐन सीझनमध्ये, तीन लग्नांचं काम आत अडकलेलं. हकिगत अशी की आदल्या संध्याकाळी वळीव झाला, लाईट गेली आणि तासाभराने आली. आली तेव्हा देवघरातला पिवळा बल्ब पांढराफटक झाला, पंखा भिरभिरायला लागला आणि टेबलाखालून फट्ट असा आवाज आला. मग जळका वास, मग काहीच नाही. सकाळी बाजारातून नवा सप्लाय, म्हणजे भिंतीतली वीज कॉम्प्युटरला लागेल तशी करून देणारा डबा, आणला, चांगल्यातला, साडेसहाशे वॉटचा, आणि त्याने तो स्वतःच बसवला. आता बटण दाबलं की पंखा अर्धा फेरा मारून थांबतो. पुन्हा दाबलं तर तेवढंही नाही. "म्हणजे हाही खराबच निघाला," तो म्हणाला. बटण किती वेळा दाबलं? "आठ-दहा वेळा तरी."

त्या हकिगतीतलं सगळं समजण्यासारखं होतं. खटकत राहिला तो 'एवढंच' हा शब्द. माऊस गेला तर एवढंच. सीडी ड्राइव्ह गेला तर एवढंच, आणि हल्ली तेवढंही नाही. पण सप्लायशी सोयरीक नाही असा एकही भाग कॅबिनेटमध्ये नसतो. बोर्ड (मदरबोर्ड), प्रोसेसर, रॅम, डिस्क, पंखे, कार्ड, सगळी त्याच्या ताटातली. त्यामुळे तो जातो तेव्हा खरा प्रश्न तो गेला हा नसतोच. नुसता गेला की जाताना कुणाला घेऊन गेला, हे बघायचं असतं. आणि ते कळेपर्यंत त्या मशीनला नवं काहीही जोडायचं नसतं, हा या कामातला पहिला आणि सगळ्यात जास्त मोडला जाणारा नियम.

बल्ब पांढरा झाला, हे तो सहज बोलून गेला. निम्मं निदान तिथेच होतं. खांबावर तीन फेज आणि एक न्यूट्रल. कुठलीही फेज आणि न्यूट्रल यांच्यात २३० व्होल्ट, पण कुठल्याही दोन फेजमध्ये ४००. वादळात फांदी पडून किंवा सांधा सुटून न्यूट्रल तुटला की वेगवेगळ्या फेजवरची घरं नकळत एकमेकांना जोडली जातात आणि ते ४०० व्होल्ट आपसात वाटून घेतात. ही वाटणी उलटी असते. ज्याच्याकडे इस्त्री आणि गीझर चालू आहे त्याला कमी, ज्याच्याकडे चार बल्ब आणि एक कॉम्प्युटर त्याला जास्त. कमी खाणाऱ्याच्या पानात जास्त वाढलं जाण्याची ही एकच पंगत. सप्लायच्या आत शिरल्या शिरल्या एसीचं डीसी होतं, आणि ते एसीच्या आकड्याच्या १.४१ पट असतं. २३० चे ३२५ होतात. पण आत ३८० आले तर वीज साठवणाऱ्या मोठ्या कपॅसिटरवर साधारण ५३५ व्होल्ट चढतात, आणि त्याच्या अंगावर छापलेलं असतं ४०० किंवा ४५०. त्याच्या आधी दाराशी एक चपटी चकती राखण करत असते, तिला एमओव्ही म्हणतात. व्होल्टेज मर्यादेपलीकडे गेलं की ती स्वतः शॉर्ट होते आणि फ्यूज उडवते. फट्ट आवाज बहुधा तिचाच. जुन्या सप्लायच्या पाठीवर एक लाल बटण असायचं, ११५ आणि २३० लिहिलेलं. झाडलोट करताना कुणीतरी ते ११५ वर सरकवलं की लाईट लावताक्षणी असाच आवाज यायचा. कारण तिथे व्होल्टेज दुप्पट करणारी मांडणी असते आणि आपले ३२५ चे थेट ६५० होतात.

आवाजाला लोक घाबरतात. वास्तविक आवाज झाला तर थोडं हायसं वाटायला हवं.

सप्लायच्या पोटात दोन वेगळी घरं असतात. एका घरात भिंतीतून आलेलं जीवघेणं व्होल्टेज, दुसऱ्यात मशीनला लागणारे १२, ५ आणि ३.३ व्होल्ट. मधली भिंत म्हणजे ट्रान्सफॉर्मर, आणि त्या भिंतीला एक खिडकी, चार पायांचा बारकासा ऑप्टोकपलर. पलीकडे व्होल्टेज वाढलं की तो उजेडाने अलीकडे निरोप देतो, 'पुरे'. पहिल्या घरात स्फोट झाला, एमओव्ही फुटली, फ्यूज उडाला, वीज झपाट्याने चालू-बंद करणारे मॉस्फेट शॉर्ट झाले, तर दुसऱ्या घराला मिळणारा माल फक्त थांबतो. बोर्डला लाईट गेल्यासारखंच वाटतं. म्हणून आवाज करून गेलेला सप्लाय पुष्कळदा एकटाच जातो. भीती त्याची, जो गुपचूप जातो. निरोप देणारी ती खिडकी बिघडली की अलीकडच्या कंट्रोलरला वाटतं पलीकडे उपासमार चालू आहे, आणि तो वाढत सुटतो. बाराचे पंधरा, सोळा, अठरा. चांगल्या सप्लायमध्ये यावर पहारा करणारी वेगळी आयसी, म्हणजे चिप, असते आणि ठरलेल्या मापाप्रमाणे बाराची लाईन जास्तीत जास्त १५.६ व्होल्टच्या आत तोडावीच लागते. अगदी स्वस्तातल्या डब्यात हा पहारेकरी नसतो, किंवा असतो आणि त्याची वायर कुठेच गेलेली नसते. वरच्या स्टिकरवर मात्र ५०० वॉट.

आणखी एक शांत मरण आहे, जांभळ्या वायरीचं. कॉम्प्युटर बंद केला तरी भिंतीचं बटण चालू असेतोवर या वायरीवर ५ व्होल्ट असतात. बटण दाबल्याचं बोर्डला कळतं ते त्याच्याच जिवावर. म्हणजे सप्लायचा हा कोपरा वर्षानुवर्षं चोवीस तास राबतो. जुन्या, स्वस्त रचनेत तिथे शेंगदाण्याएवढा एक कपॅसिटर असतो. उष्णतेने तो आतून सुकत जातो आणि तो सुकला की पाचाचे सहा, साडेसहा, सात होतात. मग माणूस येऊन सांगतो, "रात्री नीट बंद केला होता हो, सकाळी चालूच होत नाही." रात्रभरात बोर्ड मेलेला असतो. आवाज नाही, वास नाही, वळीवही नाही. भिंतीचं बटण बंद करायची जुन्या लोकांची सवय कंजूषपणाची म्हणून हसण्यावारी नेली जाते. मला ती तशी वाटत नाही.

गेलेला किंवा संशयित सप्लाय तपासायचा तो बाहेर काढून, एकटा. आधी नाक. कपॅसिटर फुटल्याचा वास आंबूस-तिखट असतो, जळत्या प्लास्टिकचा मासळीसारखा, आणि ट्रान्सफॉर्मर करपला तर वार्निशचा. मग हातात घेऊन वजन. मग चोवीस पिनांच्या कनेक्टरमध्ये हिरवी वायर शोधायची, सोळा नंबरची, तिच्या दोन्ही बाजूंना काळ्या असतात. हिरवी आणि शेजारची काळी कागद अडकवायच्या धातूच्या क्लिपने जोडायची, तीही भिंतीचं बटण बंद असताना. आधी एखादा पंखा किंवा गेली तरी चालेल अशी जुनी डिस्क भार म्हणून लावायची, कारण काही सप्लाय रिकाम्या पोटी खोटं बोलतात. आता बटण चालू करून मल्टिमीटर. पिवळ्या वायरीवर ११.४ ते १२.६, लालवर ४.७५ ते ५.२५, नारिंगीवर ३.१४ ते ३.४७, जांभळीवर लालइतकंच. करड्या वायरीवर चालू केल्यापासून अर्ध्या सेकंदाच्या आत ५ व्होल्ट यायला हवेत. ती सप्लायची सही असते, सगळं ठीक आहे म्हणून. ती येईपर्यंत बोर्ड प्रोसेसरला रिसेटमध्येच धरून ठेवतो. पंखे फिरतात पण स्क्रीन काळा, अशा तक्रारीत करडी वायर सगळ्यात आधी बघावी. बहुतेक जण ती शेवटी बघतात किंवा बघतच नाहीत.

आकडे बरोबर आले म्हणून सप्लाय चांगला ठरत नाही. रिकामी हातगाडी कुणीही ढकलेल. मल्टिमीटर सरासरी दाखवतो, आणि बाराच्या वर-खाली चाललेली थरथर त्याला दिसत नाही. ती बघायला व्होल्टेजची लहर पडद्यावर दाखवणारा ऑसिलोस्कोप लागतो. बारावर १२० मिलिव्होल्ट, पाच आणि ३.३ वर ५० मिलिव्होल्ट ही थरथरीची हद्द. ती ओलांडली जाते मुख्यतः कपॅसिटर थकल्यामुळे. २००० साली आणि त्यानंतरच्या काही वर्षांत बनलेल्या कितीतरी बोर्डांत आणि सप्लायमध्ये सदोष इलेक्ट्रोलाइटचे, म्हणजे आतल्या रसायनात खोट असलेले, कपॅसिटर होते. टाळू फुगलेले, तपकिरी डिंक गाळणारे ते नळकांडे त्या काळात दुरुस्ती केलेल्या कुणाच्याही डोळ्यांसमोर आजही उभे राहतील. पण निर्दोष कपॅसिटरचंही आयुष्य मोजलेलंच असतं. अंगावर १०५ अंश लिहिलेलं असलं तरी त्या तापमानाला ते दोन-पाच हजार तासांचंच असतं. दर दहा अंश थंड ठेवलं की ते दुप्पट होतं. बेडच्या कप्प्यात किंवा टेबलाच्या बंद कोनाड्यात भिंतीला पाठ टेकवून ठेवलेला कॅबिनेट म्हणजे हाच हिशोब उलट्या दिशेने.

सप्लाय उघडायचा असेल तर एक गोष्ट पुन्हा पुन्हा सांगावी लागते. वायर उपटली म्हणून मोठा कपॅसिटर रिकामा होत नाही. ज्याचा डिस्चार्ज करणारा रेझिस्टर तुटला आहे त्याच्यात तासाभरानेही ३०० व्होल्ट असू शकतात. आधी मोजायचं, मग जुन्या पिवळ्या बल्बमधून रिकामा करायचा. स्क्रूड्रायव्हर आडवा टाकून ठिणगी पाडायची नाही, ती मर्दुमकी डोळ्यांवर येते. फ्यूज काळाठिक्कर पडला असेल तर नुसता फ्यूज बदलून काही होत नाही. त्याच्या मागे एसीचं डीसी करणारा ब्रिज किंवा मॉस्फेट शॉर्ट असतो आणि नवा फ्यूजही त्याच वाटेने जातो. म्हणून दुरुस्तीच्या टेबलावर १०० वॉटचा बल्ब सिरीजमध्ये लावलेला स्विचबोर्ड असतोच. बल्ब क्षणभर लागून मंद झाला तर ठीक, तेवत राहिला तर आत शॉर्ट आहे. एलईडीच्या जमान्यात हा बल्ब मिळणं अवघड होत चाललंय, आणि त्याच्याइतकं सरळ उत्तर देणारं उपकरण दुसरं नाही. कधी कधी आत कारण म्हणून एक पालच सापडते, दोन टोकांमध्ये वाळून कोळसा झालेली. उबेला येते बिचारी.

सप्लायचा निकाल लागला की बोर्ड. सगळ्या वायरी काढून, पॉवरचं बटण एकदा दाबून उरलंसुरलं उतरवून, मीटर रेझिस्टन्सवर. प्रोसेसरजवळच्या चार किंवा आठ पिनांच्या सॉकेटमध्ये पिवळी आणि काळी यांच्या जागा मोजायच्या. सरळ शून्य आणि बझर वाजला, तर प्रोसेसरला वीज देणारा एखादा मॉस्फेट शॉर्ट आहे. वरच्या बाजूचा मॉस्फेट असा गेला की एक-सव्वा व्होल्टवर जगणाऱ्या प्रोसेसरला थेट बारा मिळू शकतात, तेव्हा तिथे सप्लाय लावून बघण्याचा मोह आवरायचा. नवखे इथे उलटीही चूक करतात. प्रोसेसरच्या कॉइलवर मोजतात, तिथे एक ओहम किंवा त्याहूनही कमी येतं, आणि बोर्ड मेला म्हणून सांगतात. तिथे तेवढंच येतं. जिवंत बोर्डवरही तेवढंच.

एक आडवाट, पण लांबची नाही. पुष्कळ घरांत कॉम्प्युटरच्या पत्र्याला उघडा पाय लागला की झिणझिण्या येतात, आणि "थोडा करंट मारतो" असं कौतुकाने सांगितलंही जातं. सप्लायच्या तोंडाशी दोन कपॅसिटर फेज आणि न्यूट्रलपासून पत्र्याला जोडलेले असतात, विजेतला गोंधळ गाळायला. अर्थिंग असेल तर ती गळती जमिनीत जाते. नसेल तर सगळा पत्रा साधारण ११५ व्होल्टवर तरंगत राहतो. करंट फार थोडा, माणूस मरत नाही. पण त्याच वेळी टीव्हीची किंवा प्रिंटरची वायर जोडायला गेलात तर पोर्ट मरतो. अंगणात कोळसा-मीठ घालून केलेलं अर्थिंग उन्हाळ्यात कोरडं पडतं आणि त्यावर बादलीभर पाणी ओतणं हा कॉम्प्युटरच्या देखभालीचाच भाग आहे, हे कुठल्याही मॅन्युअलमध्ये नसतं. इन्व्हर्टरचंही तसंच. चौकोनी लहरीच्या जुन्या इन्व्हर्टरवर नवे पीएफसीवाले, म्हणजे भिंतीतून वीज एकसारखी ओढणारे, सप्लाय कुरकुरतात, कधी बंद पडतात. आणि बदलाबदलीला लागणारा वेळ सप्लायच्या दमापेक्षा, म्हणजे साधारण सोळा मिलिसेकंदांपेक्षा, जास्त झाला की मशीन रिसेट होतं.

तर तो टेबलावरचा कॅबिनेट. पंखा अर्धा फेरा मारून थांबतो आणि दुसऱ्यांदा हलतच नाही, हे खराब सप्लायचं नव्हे, चांगल्या सप्लायचं लक्षण. पुढे कुठेतरी शॉर्ट दिसला की तो स्वतःला कुलूप घालतो, आणि भिंतीचं बटण बंद करून थोडं थांबल्याशिवाय ते कुलूप उघडत नाही. नवा सप्लाय सकाळपासून ओरडून सांगत होता, आणि त्यालाच खराब म्हटलं जात होतं. बोर्ड मोजला, ठीक. डिस्क आणि एसएसडी, म्हणजे न फिरणारी चिपवाली डिस्क, यांची केबल काढून, प्रोसेसर आणि रॅमची एकच पट्टी ठेवून चालू केला. पंखे फिरले, स्क्रीनवर अक्षरं आली. त्याचा चेहरा उजळला. मग त्या काढलेल्या केबलकडे बघून विचारावं लागलं, ही नव्या सप्लायच्या खोक्यातली का?

नाही. ती जुनीच.

बोर्डाच्या केबली दोन्ही सप्लायना कायमच्या जोडलेल्या होत्या. डिस्कच्या मात्र सुट्या, सप्लायच्या बाजूने खोचायच्या. कॅबिनेटच्या पाठीमागून नीट बांधून नेलेली जुनी केबल कशाला सोडवा, म्हणून त्याने तीच नव्या सप्लायमध्ये खोचली. ती बसली. बसतेच. डिस्कच्या बाजूचं टोक जगभर सारखं असतं, सप्लायच्या बाजूचं टोक दिसायला सारखं पण आतली मांडणी ज्याची त्याची. इथे पाचाच्या जागी बारा आले होते. जुना सप्लाय उघडला तेव्हा एमओव्हीचे दोन तुकडे, फ्यूज काळा, मोठा कपॅसिटर फुगलेला, आणि मधल्या भिंतीच्या पलीकडे सगळं स्वच्छ. वळवाने घेतलं ते तेवढंच. त्याचं 'एवढंच' आदल्या रात्री अगदी खरं होतं. सकाळी साडेदहाला ते खोटं झालं.

हे त्याला सांगायचं की नाही, याचा टेबलाच्या या बाजूला नेहमी थोडा गोंधळ होतो. विजेवर ढकललं तर माणूस शांत झोपतो. पण मग ती केबल पुन्हा कुणाच्या तरी मशीनमध्ये जाते. सांगितलं. तो काही बोलला नाही, रुमालाची घडी घालत बसला.

एसएसडी हाताला गरम लागत होती आणि बोर्डला दिसत नव्हती. तिच्यातली आयसीच गेलेली, तिच्यावर एका लग्नाचं अर्धं एडिटिंग होतं. चार टीबीच्या फिरत्या डिस्कचं मात्र वेगळं. तिच्या सर्किटवर पॉवरच्या टोकाजवळ दोन काळे डायोड असतात, एक पाचाच्या लाईनवर, एक बाराच्या. जास्त व्होल्टेज आलं की ते शॉर्ट होऊन ते व्होल्टेज जमिनीत ढकलतात आणि त्यातच संपतात. पाचाचा डायोड दोन्ही दिशांनी बझर वाजवत होता. तो गरम हवेने काढला, पुन्हा मोजलं, बझर गेला. शॉर्ट झालेला डायोड काढला तरी डिस्क चालते, फक्त आता तिला राखणदार नसतो. म्हणून ती मशीनला परत न लावता, मोजून घेतलेल्या सप्लायवर, एकदाच आणि थेट नक्कल करायला चालू करायची. आणि हा डायोड काढूनही चालली नाही तर तसल्याच दुसऱ्या डिस्कचं सर्किट आणून नुसतं चिकटवायचं नाही. प्रत्येक डिस्कची स्वतःची मापं आठ पायांच्या एका चिपमध्ये असतात, ती चिप इकडून तिकडे न्यावी लागते. तिथवर वेळ आली नाही. बारीक टक् झालं, मग शिट्टीसारखा चढत जाणारा तो आवाज. तो खुर्चीतून उठून डिस्कपाशी कान घेऊन उभा राहिला.

नक्कल व्हायला सात तास लागले. रात्रभर रॅमची चाचणी चालली, एकही चूक आली नाही. "म्हणजे बाकी सगळं शंभर टक्के ठीक ना?" याचं प्रामाणिक उत्तर 'आज चालतंय' एवढंच देता येतं. धक्का खाल्लेला सिलिकॉनचा तुकडा कधी महिन्याने बोलतो, कधी बोलतच नाही. त्याला ते उत्तर आवडलं नाही. आवडण्यासारखं नाहीच.

निघताना त्याने जुना सप्लाय मागितला, पंखा तरी कामाला येईल म्हणून. पंखा काढून दिला. जुनी केबल दोन तुकडे करून कचऱ्यात टाकली. उरलेल्या डब्याच्या वायरी पक्कडीने मुळापासून कापल्या, आधी हिरवी, म्हणजे कुणी क्लिप लावून चालू करायला नको, आणि मग आठवणीने जांभळी.